एक वीत खाली

कोर्याता, केफालोनिया बेट
२ ऑक्टोबर १८५७, आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे

रोक्कोस यास,

आधी तुझी तब्येत विचारतो, मग बाकीचं. आम्ही इथे ठीक आहोत. माझा उजवा गुडघा आणि रुबीनाचा दमा सोडला तर तक्रारीला जागा नाही. तुझ्या ब्राइला बंदरात गहू भरायला निघालेल्या कप्तान त्सिमारासच्या हाती हे पत्र देतो आहे. तो म्हणाला, तुझा भाऊ धक्क्यावरच सापडतो, हल्ली चांगला जाडा झालाय. कप्तानाच्या बोलण्यातलं अर्धं मी नेहमीच सोडून देतो, तरी तू उपाशी नाहीस एवढं त्यातून उरतं.

सोळा वर्षांत तुला लिहिलेलं हे सहावं पत्र. आधीच्या पाचांच्या नकला माझ्याकडे आहेत, तारखांसकट. उत्तरं आली नाहीत. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

गावची हकिकत अशी. द्राक्षांवर राखेसारखा रोग पडतो त्याचं हे सहावं वर्ष. लोक वेलींवर गंधक उडवतात आणि मग महिनाभर सगळ्या गावाला गंधकाचा वास मारतो. म्हातारा पाद्री गेला. नवा इतक्या घाईने प्रार्थना म्हणतो की म्हाताऱ्या बायका ‘आमेन’ला पोचेपर्यंत तो दिवे मालवत असतो. इंग्रजांचा रस्ता गिरणीपर्यंत आला. त्यावर आपल्याच लोकांना राबवलं, ते तुला सांगायला नको. एक इंग्रज अधिकारी पितळी यंत्र लावून रस्ता मोजत होता. मी माझ्या दोरीने मागून मोजत गेलो आणि नऊशे फुटांत तीन फुटांची चूक काढून दाखवली. तो हसला. मग त्याने पुन्हा मोजलं आणि हसायचा थांबला. जाताना त्याने टोपीला हात लावला, हे दोघा साक्षीदारांनी पाहिलं आहे.

नवरा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, रुबीना माझ्याकडेच असते. स्वयंपाक करते, धुणं करते, बोलते मात्र लागेल तेवढंच. ‘जेवण झाकलंय.’ ‘पाऊस येतोय.’ एकदा मी दिवसभर मोजलं तेव्हा अकरा वाक्यं भरली, त्यातली चार कोंबड्यांशी. कारण तुला ठाऊक आहे. तुझं नाव ती काढत नाही, पण इस्टरची लाल अंडी रंगवते तेव्हा एक जास्त रंगवते आणि खिडकीत ठेवते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

सप्टेंबरात क्रुसाच्या सणाच्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला. चर्चच्या छपराची एकवीस कौलं गेली, आणि वरच्या उतारावर टाक्यापाशी असलेलं अंजिराचं झाड मुळासकट आडवं झालं. कुठलं अंजीर ते तुला सांगायला नको.

मला माझ्या नोंदीसाठी एक गोष्ट हवी आहे. आपल्याकडे हद्दीचा दगड रोवला की घरातल्या धाकट्या पोराला तिथल्या तिथे थोबाडीत देतात, जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून. बाबांनी ती तुला दिली. तू सात वर्षांचा होतास. मी तेरा वर्षांचा, आर्गोस्तोली शहरात नोटरीच्या टेबलासमोर उभा राहून ओल्या शाईवर वाळू टाकत होतो आणि त्याचे कागद उलट्या बाजूने वाचायला शिकत होतो. म्हणून मी ती पाहिली नाही. बाबांनी मारली ती कुठल्या गालावर? आणि तू पडलास तेव्हा हाताला काय आलं?

उत्तर दोन शब्दांत दिलंस तरी चालेल. कप्तान नोव्हेंबरात परत येतो.

तुझा थोरला भाऊ
एफ्स्ताथिओस कारूसोस
कोर्टमान्य मोजणीदार



कोर्याता
२६ ऑक्टोबर १८५७, संत दिमित्रीचा दिवस

प्रिय रोक्कोस,

पहिलं पत्र तुझ्या हाती पडलं असेल-नसेल, आणि मी दुसरं लिहितो आहे. असं मी कधी करत नाही. पण आज घरोघरी नव्या दारूची पिंपं उघडली, रुबीनाने माझ्यासमोर एक पेला आणून ठेवला, आणि ‘घे’ एवढंच न म्हणता समोर बसली. तिने काय सांगितलं ते पुढे येईल. क्रमाने लिहितो. काही गोष्टी तुला माहीत असलेल्याच आहेत, पण नोंद पूर्ण हवी.

वरचा उतार नुसता खडक होता. बाबांनी तो जमीनदाराकडून, थोरल्या कोंतेकडून, घेतला तो या बोलीवर, की बारा वर्षं खडक फोडायचा, माती वाहायची, द्राक्षं लावायची, आणि मग अर्धा मळा मालकाचा, अर्धा आपला. बारा वर्षांनी, १८१८ साली, वाटणी झाली. वरचं मालकाचं, खालचं आपलं, मध्ये दगड. पावसाच्या पाण्याचं टाकं दगडाच्या लगेच खाली, म्हणजे आपल्या बाजूला आलं. बाबांनीच ते खोदलं होतं. त्या टाक्याशिवाय खालच्या वेली म्हणजे सरपण.

मग बाबा गेले. तू चार वर्षं जहाजावर होतास, रुबीना सासरी, मी शहरात. तू परत आलास तेव्हा दगड टाक्याच्या खाली होता. टाकं आणि वेलींच्या नऊ ओळी मालकाच्या झाल्या होत्या. तू म्हणालास, दगड हलवलाय. थोरल्या कोंतेमागून मालक झालेल्या कोंते बेल्त्रामीच्या कारभाऱ्याने भर चौकात विचारलं, “दगडाला पाय फुटले का रे?” तू कोर्टात गेलास, आणि कोर्टाने दोन्ही बाजूंना विचारून मोजणीदार नेमला. दोन्ही बाजूंनी एकच नाव दिलं. तू दिलंस, कारण मी तुझा भाऊ. कोंतेने दिलं, कारण मी माझ्या सख्ख्या भावाकडेही जमीन एक बोट जास्त सरकू देणार नाही असं सगळं बेट म्हणायचं. मला त्याचा अभिमान होता. लिहूनच टाकतो, फार होता.

१८४१ सालचा मे महिना. दगड उचलला. आपले जुने लोक दगडाखाली कौल फोडून त्याचे तुकडे पुरतात. पुढे कधी शंका आली तर तुकडे जुळवायचे, जुळले की दगड जागचा. मी दोन तुकडे काढले. ते जुळले. सगळ्यांनी पाहिलं.

तू म्हणालास, “दादा, माझा गाल इथे लाल झाला नव्हता. अंजिरापाशी झाला होता. मी पडलो तेव्हा अंजिराचंच रोप धरलं होतं.”

मी म्हणालो, “गाल हा पुरावा नव्हे. कौल हा पुरावा.”

लोक हसले. मी ते वाक्य नंतर बऱ्याच ठिकाणी पुन्हा सांगितलं आणि तिथेही लोक हसले. तू त्या महिन्याअखेर ब्राइलाच्या जहाजावर चढलास. ‘दादा’ हा शब्द मी तुझ्या तोंडून त्या दिवशी शेवटचा ऐकला.

आता या सप्टेंबरातलं. पडलेल्या अंजिराचं लाकूड दांड्याला चालेल का ते पाहायला मी वर गेलो. मुळांनी उपसलेल्या खड्ड्यात, एक वीत खाली, कोळशाचा थर होता. मुळांनी तो मुठीत धरावा तसा धरला होता. चूल तिथे कधीच नव्हती. थर चौकोनी, दगडाच्या बुडाएवढा. आणि कोळशात कौलाचा एक कोपरा, माझ्या अंगठ्याएवढा.

घरी येऊन १८४१ ची वही काढली. तिच्यात मी त्या दोन तुकड्यांचं चित्र काढलं आहे, खऱ्या मापाचं. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘डावीकडचा कोपरा नाही. बहुधा झिजला.’ सापडलेला कोपरा चित्रावर ठेवला. बसला.

म्हणजे कोणीतरी दगड उचलला, खालचे दोन तुकडे उचलले, एकतीस पावलं उतारावर खाली आणून सगळं जसंच्या तसं पुरलं. कोपरा राहिला. कोळसा तर उचलताच येत नाही. म्हणून तर आपले म्हातारे तो घालायचे. कोणी केलं याचा माझा अंदाज आहे, पण तो माणूस मेला आणि माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

मी रुबीनाला एवढं म्हणालो की अशा चतुराईपुढे कुठलाही मोजणीदार फसला असता. तिने पेला खाली ठेवला.

“कोळसा होता,” ती म्हणाली. “टोपली माझ्या डोक्यावर होती. मी दहा वर्षांची होते. वरून खाली तोंडावर काजळी गळत होती आणि बाबा मला काळी मांजर म्हणत होते.”

“हे तू एकेचाळीस साली का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस?”

मी म्हणालो, हद्दीला बायकांची साक्ष घेत नाहीत. ती म्हणाली, “साक्ष नको होती घ्यायला. नुसतं विचारायचं होतं. मी तुझी बहीण होते, कोंतेची नव्हते.” मग उठून कोंबड्या कोंडायला गेली.

इथे मी सही करून पत्र मिटलं होतं. पुन्हा उघडून लिहितो आहे, कारण वर ‘कुठलाही मोजणीदार फसला असता’ असं लिहिलंय आणि ते खरं नाही.

रोक्कोस, मला कोळशाचं माहीत होतं. व्हेनिसवाल्यांच्या राज्याच्या काळातले दस्त मी स्वतः वाचले होते. त्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं, ‘कोळशाच्या थरावर, कौलासह’. त्या दिवशी तुकडे काढताना मला दिसलं की खालची माती सैल आहे. तेवीस वर्षं दगडाखाली दबलेली माती अशी नसते. कोपरा नव्हता. कोळसा दिसत नव्हता. मी खुरपं पुन्हा मातीत घातलं होतं. एक वीत खाली जायचं, बस.

तेवढ्यात कोंते खेचरावरून उतरला. त्याच्यासाठी दोन गडी वरपर्यंत खुर्ची घेऊन आले होते. ती त्याने माझ्यामागे ठेवायला लावली आणि सगळ्यांदेखत, त्याच्या इटालियनमध्ये, म्हणाला, “बसा, सिन्योर मोजणीदार. तुम्ही बसून लिहा.”

तुम्ही. नोटरीकडे पाणी वाहून, कागद उलटे वाचून मी ती भाषा शिकलो, आणि आपल्या गावात त्या भाषेत ‘तुम्ही’ म्हणवून घेणारा मी पहिला. तुकडे जुळल्याचं मी तोवर मोठ्याने सांगून टाकलं होतं. आता पुन्हा खणायचं म्हणजे सगळ्यांना दाखवायचं की माझी खात्री नाही.

मी खुरपं काढलं, पुसलं, आणि बसलो.

या गोष्टीची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. आता आहे.

तुझा थोरला भाऊ
स्ताथिस



कोर्याता
६ डिसेंबर १८५७, संत निकोलासचा दिवस

प्रिय रोक्कोस,

कप्तान त्सिमारास सुखरूप आला आणि तुझा कागद मिळाला. पहिल्या पत्राचं उत्तर आहे, दुसरं तुला तोवर पोचलं नसणार. कागदावर वर नाव नाही, खाली सही नाही. ‘उजवा. बाबांच्या उजव्या हातात पहार होती. अंजीर.’ सात शब्द. मी ते सोळा वर्षांच्या थप्पीत सगळ्यांत वर ठेवले आहेत.

रुबीनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरोबर. पहार सोडली असती तर दगड खाली गडगडला असता, म्हणून डाव्या हाताने दिली. आणि हा थोबाडीने रडला नाही, अंजिराचं रोप मोडलं म्हणून रडला.” मग ती हसली. दम लागेपर्यंत हसली. मी पाठीवरून हात फिरवला तर तिने फिरवू दिला.

आता काय झालं ते क्रमाने.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला मी कोंते बेल्त्रामीकडे गेलो. तो आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याला फक्त कडेकडेचं दिसतं. मुलगे कॉर्फूला इंग्रजांच्या कचेऱ्यांत लागले, मळ्यात कोणी येत नाही. मी कोपरा त्याच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. खुरप्याचंही. त्याने तो कोपरा बराच वेळ अंगठ्याने चाचपला.

“ती खुर्ची अजून आहे,” तो म्हणाला. “बस.”

मी उभाच राहिलो. त्याने आता मला ‘तू’ म्हटलं, हे माझ्या ध्यानात आलं, आणि बरं वाटलं.

तो म्हणाला, “मी चोर नाही, स्ताथिस. तुझ्या सहीने मला जे दिलं ते मी घेतलं.”

मी म्हणालो की दगड कोणी हलवला हे विचारायला मी आलो नाही.

“मग मीही सांगत नाही,” तो म्हणाला. “एका सहीने आलं, दुसऱ्या सहीने जाईल. पहिला कागद चर्चच्या अंगणात मोठ्याने वाचला होतास. दुसराही तिथेच वाच. मग माझा माणूस नोटरीकडे येईल.” आणि वर जोडलं, “त्या टाक्यात आता बेडूक आहेत. तुझ्या भावाला सांग, बेडकांसकट घेऊन जा.”

यात त्याचा उदारपणा किती आणि रोगट वेलींचा कंटाळा किती, हे मला मोजता येत नाही. पण त्याने मागितलं ते नेमकं मागितलं, हे कबूल केलं पाहिजे. कारण मी माझ्या हयातीत या बेटावर त्रेसष्ट हद्दी लावल्या आहेत. एक कागद मी जाहीरपणे मागे घेतला की उरलेल्या बासष्टांवर कोणी का विश्वास ठेवावा? त्या उंबऱ्यावर उभं असताना मला हे सगळं दिसलं. माझ्याकडे दुसरं काही नाही रोक्कोस. बायको नाही, पोर नाही. मोजणीदार एवढाच मी आहे. घरी आलो, तीन दिवस लिहिलं, चार वेळा खोडलं. ‘दृष्टिदोषाने’ असा शब्द आधी घातला होता. तो काढला.

चोवीस तारखेच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर अंगणात वाचलं. नव्या पाद्रीनेसुद्धा घाई केली नाही. सगळं वाचलं: सैल माती, नसलेला कोपरा, खुरपं, खुर्ची. वाचून झालं. मग मागून एक आवाज आला, “चष्मा पूस रे, मोजणीदारा.” हशा पिकला. यावेळी तो माझ्यावर होता, आणि तो कसा लागतो ते मला कळलं. त्या मे महिन्यात तू कसा उभा होतास तेही मला त्याच वेळी आठवलं. हात पाठीमागे, उजव्या हाताने डावं मनगट धरलेलं. हे मी तेव्हा पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं.

म्हातारा स्तामातेलोस काठी टेकत पुढे आला. “मग माझ्या बांधाचं काय?” त्याने विचारलं. “तो तूच लावलास. मी काय आता खण खण खणत बसू?” मी म्हणालो, तू नको, मी खणतो. सगळे खणतो, एक वीत खाली. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली आहे. आजपर्यंत अकरा दगड पाहिले, दहा जागचे निघाले. अकरावा अर्धा हात चुकला होता, आणि तो कोणी हलवलेला नव्हता. माझीच मोजणी. दोन्ही घरांना जाऊन सांगितलं. एका घरी त्यांनी मला दारातून हाकललं, दुसऱ्या घरी कॉफी दिली.

नवं काम मला कोणी देत नाही. आर्गोस्तोलीहून दोन नेमणुका रद्द झाल्याचं पत्र आलं. ही फक्त माहिती म्हणून.

आता काल. काल दगड परत नेला.

चौघांनी मिळून पहारींनी तो उतारावर एकतीस पावलं वर चढवला. उतारावर चढवताना कळतं, खाली आणणं किती सोपं असतं. कोंतेचा माणूस होता, पाद्री होता, आणि बघायला सगळं गाव. अंजिराच्या खड्ड्यातला जुना कोळसा मी हलवला नव्हता, त्यावरच रुबीनाने डोक्यावरून आणलेली नव्या कोळशाची टोपली ओतली. यावेळी तिला मी ‘काळी मांजर’ म्हणालो. मग कौलाचे दोन तुकडे ठेवले आणि तिसरा कोपरा त्याच्या जागी सरकवला. मध्ये केस जाईल एवढीही फट नव्हती. वर दगड बसवला.

मग पाद्री म्हणाला, रिवाजाप्रमाणे कोणालातरी लक्षात ठेवायला लावायचं राहिलं. आपल्या घरात पोर नाही. कोणीतरी शेजारच्या नातवाला पुढे ढकलायला लागला.

“परक्याचं पोर कशाला?” रुबीना म्हणाली. “ज्याला ही जागा माहीत नव्हती तो इथे उभा आहे.”

ती माझ्यासमोर आली. आधी माझा चष्मा काढला, घडी घातली आणि तिच्या ओच्यात ठेवला. मला फक्त तिचा आकार दिसत होता आणि त्यामागे समुद्र. मग उजव्या हाताने तिने पहार धरली. डाव्या हाताने दिली. उजव्या गालावर.

आवाज खळ्यापर्यंत गेला असं लोक म्हणतात; मी ते तपासलेलं नाही. मी बावन्न वर्षांचा माणूस, तोल गेला आणि खाली बसलो, आणि हाताला आधाराला काहीतरी आलं. उपटलेल्या अंजिराच्या बुंध्यातून फुटलेला नवा कोंब. मोडला नाही.

कोणी हसलं नाही. रुबीनाने चष्मा परत दिला आणि म्हणाली, “आता नीट लिही.” म्हणून लिहितो आहे.

टाकं मी साफ केलं. आत चार हात पाणी आहे. बेडूक होते तसेच ठेवलेत, कोंतेचा निरोप होता. नऊ ओळींपैकी चार मेल्या, पाच छाटून ठेवल्या आहेत. मी त्यांना गंधक लावीन, पाणी घालीन, पण द्राक्ष एकही तोडणार नाही. नोटरीकडे नाव तुझं आहे. दस्ताची नक्कल सोबत आहे. तिसऱ्या ओळीत तुझं नाव बरोबर आहे का ते पाहा.

कप्तान म्हणतो की तिकडची नदी गोठायच्या आत तो ब्राइलाला पोचेल, नाही पोचला तर हे पत्र कुठल्यातरी बंदरात मार्चपर्यंत पडून राहील. पडू दे. छाटलेल्या वेलींना पालवी एप्रिलात येते. येत्या वर्षी इस्टर पालवीच्याही आधी आहे, रुबीना म्हणते आहे की लाल अंडं खिडकीत ठेवायचं की ताटात हे तिला आधी कळलं तर बरं. मी तुला ये म्हणत नाही. तसं म्हणायचा हक्क मी त्या खुर्चीत बसलो तेव्हा सोडला. फक्त तिचा प्रश्न तुझ्यापर्यंत पोचवतो.

गाल अजून दुखतो असं लिहिलं तर खोटं होईल. आज सकाळी थांबला. पण जागा लक्षात आहे. डोळे मिटूनही दाखवीन.

खाली सही करताना ‘थोरला भाऊ’ लिहायला लेखणी टेकवली होती, उचलली. तो शब्द तू म्हणशील तेव्हा माझा.

तोपर्यंत नुसता
स्ताथिस